नाकातला हरभरा आणि राहून गेलेला विषय

पत्रिकेत माझा विषय ‘नवजात बाळाची श्रवणचाचणी’ असा छापलाय. त्याकडे येतोच. पण आधी हरभरा.

सरकारी मेडिकल कॉलेजात मी तीस वर्षं कान-नाक-घसा शिकवलं. आमच्या ओपीडीत एक काचेची बरणी असायची, पोरांच्या नाका-कानांतून निघालेल्या ऐवजाची. चिंचोके, मणी, खोडरबराचे तुकडे, हुरड्याच्या दिवसांत ज्वारीचे दाणे. एकदा तीन वर्षांचा मुलगा आला. नाकात हरभरा, बरोबर आई आणि आजोबा. शिंक यावी म्हणून आजोबांनी त्याला तपकीर हुंगवली होती. शिंकेआधी माणूस श्वास आत ओढतो, हे तपकीर ओढणाऱ्याला मी काय सांगणार? वर नाकात पाणीही घातलेलं. भिजल्यावर हरभऱ्याचं काय होतं, हे या सभागृहात सांगायला नको.

आमचा निवासी डॉक्टर चिमटा घेऊन सरसावला. गोल वस्तू चिमट्यातून सटकते आणि आणखी आत जाते. तिथे बोथट आकडा मागे घालून पुढे ओढायचं असतं. दरवर्षी हे सांगायचो, दरवर्षी कुणीतरी चिमटाच उचलायचा. पण पोरगं हातच लावू देईना. मग म्हटलं, ‘मदर्स किस’ करू. हसू नका! न्यू जर्सीतल्या एका डॉक्टरांनी १९६५ साली सांगितलेली रीत आहे. आईने मुलाच्या तोंडाला तोंड घट्ट लावायचं, मोकळी नाकपुडी बोटाने दाबायची आणि एकच फुंकर मारायची. हवा नाकात मागून शिरते आणि अडकलेलं पुढे ढकलते.

पण समोर सासरे, वर वीस विद्यार्थी. बाई जागची हलेना. शेवटी आजोबांना भिंतीवरचा घशाचा तक्ता वाचायला उभं केलं. फुंकर बसली आणि हरभरा थेट माझ्या ॲप्रनवर. आजोबा तक्त्यावरची नजर न काढता म्हणाले, “तपकिरीनं सैल झाला होता तो.”

मात्र रिमोटमधला चपटा बटण-सेल नाकात गेला, तर घरी प्रयोग नको, लगेच हॉस्पिटल गाठा. काही तासांत नाकाचा मधला पडदा जळतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, तर श्रवणचाचणी. एक-तीन-सहा एवढं लिहून घ्या. पहिल्या महिन्याच्या आत चाचणी, तिसऱ्याच्या आत निदान, सहाव्याच्या आत यंत्र किंवा उपचार. बोलण्याची भाषा मेंदूत मुख्यतः कानावाटे रुजते, म्हणून ही घाई. ओएई चाचणीत झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडी ठेवतात, आवाज सोडतात आणि आतल्या कानातल्या शंखासारख्या भागाकडून उलट येणारा बारीक आवाज मोजतात. सुई नाही, भूल नाही. ‘रेफर’, म्हणजे ‘पुन्हा तपासा’, असा शेरा आला म्हणजे बाळ बहिरं असं नव्हे. जन्मानंतर कानात राहिलेल्या चिकट थरानेही तसं होतं. दुसऱ्या चाचणीला मात्र जायचंच. आणि घरी थाळी वाजवून बघू नका. थाळीला दचकणाऱ्या बाळालाही बोलणं ऐकू येत नसू शकतं.

काचेच्या पेटीत राहिलेल्या बाळांची बेरा चाचणी, म्हणजे आवाज कानाच्या नसेतून मेंदूकडे पोचतो का ते बघणारी, सांगायची राहिली. प्रश्नोत्तरांत कुणीतरी तेवढं विचारा.