माईकवरचे मामा

नमस्कार श्रोतेहो.

"टेबल नंबर दोन! एका बाजूला अनगोळचा पठ्ठ्या, सकाळपासून एक गेम हरलेला नाही. दुसऱ्या बाजूला खानापूरचं पोरगं, दोन बस बदलून आलंय, रिकाम्या हातानं जायला आलेलं नाही! हात पुसा, चॉक लावा, आणि मागं वडा खाऊन लागलेल्यांनी तेलाचे हात टेबलाला लावू नका!"

ही हाक ज्यांच्या कानावरून गेली आहे त्यांना मी कुणाबद्दल बोलणार ते कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात पूलच्या स्पर्धा व्हायच्या, अजूनही होतात. हिरव्या-निळ्या कापडाचं टेबल, सहा भोकं, हातात काठी. त्या स्पर्धा भरवणारा, सोडत काढणारा, वेळ पाळणारा, भांडणं मिटवणारा आणि दिवसभर माईकवर बोलणारा माणूस एकच होता. त्यांचं नाव मी घेणार नाही, घरच्यांना ते आवडायचं नाही. सगळे त्यांना मामा म्हणायचे, त्यांच्यापेक्षा वयानं मोठे असलेलेसुद्धा. गेल्या पावसाळ्यात मामा गेले.

त्यांचा थाट असा की लग्नाला निघालेत असं वाटावं. स्पर्धेच्या दिवशी पांढरी पँट, तांबडा जाकीट, खिशाला निळा चॉक अडकवलेला. उन्हाळ्यातही जाकीट निघायचा नाही. माईक आणि भोंगा मंडपवाल्याकडून भाड्यानं आणलेला. तळघरातल्या पन्नास माणसांच्या पार्लरमध्ये भोंगा कशाला हवा, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "आतल्यांसाठी नाही वो, रस्त्यावरच्यांसाठी. त्यांना कळू दे आत काय चाललंय."

त्या काळी आत काय चालतं याबद्दल गल्लीत बरं मत नव्हतंच. पूल पार्लर म्हणजे कॉलेज चुकवणाऱ्या पोरांचा अड्डा. मामांनी भोंगा बाहेर लावला आणि दार सताड उघडं ठेवलं, तेव्हा कुठं चार बाप मंडळी आत डोकावली.

हा आवाज त्यांनी आणला कुठून? कुस्तीच्या मैदानातून. लहानपण सगळं आखाड्याच्या कडेला गेलेलं. आनंदवाडीचा आखाडा त्यांना घरच्या अंगणासारखा. कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी 1912 साली उभारलं, ते मामा असं सांगायचे जणू वीट रचायला स्वतः हजर होते. कुस्तीच्या निवेदकाला एक गोष्ट साधावी लागते. समोरचे दोघं चार चार मिनिटं नुसती मानेवर मान टाकून उभे राहिले, तरी लोकांना जागेवरून उठू द्यायचं नाही. पूलमध्येही तेच. एखादा खेळाडू टेबलाभोवती तीन फेऱ्या मारतो, वाकतो, उठतो, परत चॉक लावतो. तिथं मामा पैलवानाचं गाव, वस्ताद, खुराक सांगावा तसं त्या पोराबद्दल सांगत राहायचे. आणि तो मारायला वाकला की गप्प. एकदम गप्प. काठी बॉलला लागेपर्यंत त्यांचा शब्द फुटायचा नाही. टीव्हीवरच्या कित्येक समालोचकांना हे अजून जमलेलं नाही, हे मी जाता जाता बोलून घेतो.

मग फटक्यांना नावं कुस्तीच्या डावांची. कुशनवर, म्हणजे टेबलाच्या कडेवर, आपटून बॉल भोकात घातला की "ढाक लावली!" व्हाइट बॉल उडवून मधल्या बॉलवरून नेला की "कलाजंग!" ज्याला बॉल भोकात घालता येत नाही आणि तो नुसता लपवून ठेवतो, त्याला "पट काढायला घाबरला". पूल जाणणाऱ्यांना हे ऐकून कसंतरी व्हायचं. मलाही सुरुवातीला व्हायचं. पण कंग्राळी-येळ्ळूरकडून आलेली माणसं, ज्यांनी आयुष्यात काठी धरली नव्हती, ती मान डोलवायची.

आता भाषेचं. आपल्या भागात माईकवर आधी कुठल्या भाषेत बोलायचं यावरून काय काय घडू शकतं ते मी तुम्हाला सांगायला नको. मामांनी एक नियम केला होता आणि तो कधी मोडला नाही: टेबलावर येणाऱ्या खेळाडूच्या घरात जी भाषा, ती आधी. गोकाकचा मुलगा आला की "बर्री, बर्री!" निपाणीचा आला की मराठी. कॅम्पातला आला की इंग्रजी, तीही कॅम्पातल्या लोकांना घाम फुटेल अशी. दोन भाषांचे दोघं समोरासमोर आले तर नाणं उडवायचे, कारण ब्रेक, म्हणजे पहिला फटका, कुणाचा ते ठरवायला नाणं हातात असायचंच. गोंगाट वाढला की मात्र नियम गुंडाळून ठेवायचे. "सुम्मन कूड्री! गप बसा! सायलेन्स प्लीज!" एका दमात. कन्नड आधी का, तर कन्नडमध्ये गप बसवायला जोर येतो म्हणे. यात तथ्य किती, श्रोत्यांनीच ठरवावं.

कॉलेज चुकवून येणाऱ्या पोरांची अडचण वेगळीच. मामांची सवय खेळाडूला बापाच्या नावासकट पुकारायची: अमुक गल्लीचे श्रीयुत तमुक यांचे चिरंजीव. आणि भोंगा रस्त्यावर! पोरं पाया पडायची, "मामा, नाव नको, बाबांचं दुकान समोर आहे." मग मामांनी त्यांना टोपणनावं द्यायला सुरुवात केली, आणि त्यामागची गोष्ट ते दर स्पर्धेत सांगायचे.

फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस. 1954 चा जन्म. लहानपणी मनिलात काकांच्या पूल हॉलमध्ये राहायचा आणि रात्री टेबलावरच झोपायचा. 1985 साली तो अमेरिकेत ह्यूस्टनला खेळायला गेला. त्याचं नाव तिथल्या जाणत्यांच्या कानावर गेलेलं होतं, पण चेहरा कुणी पाहिलेला नव्हता. तेव्हा हा गडी 'सीझर मोरालेस' नावानं उतरला आणि स्पर्धा मारली. पुढं खऱ्या नावानं 1994 ला नाइन बॉलची, म्हणजे नऊ बॉलच्या पूलची, यूएस ओपन स्पर्धा जिंकली, अमेरिकेबाहेरचा पहिला खेळाडू म्हणून. 1999 ला कार्डिफला जगज्जेता झाला. हाँगकाँगमध्ये 1996 साली अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलंडबरोबर आधी 120 गेम जिंकेल तो, अशी तीन दिवसांची लढत झाली, ती यानं 120-117 अशी काढली. हे आकडे मामा पाढे म्हणावेत तसे म्हणायचे. "तीन दिवस! आणि तुम्ही तीन गेम हरला की पोटात दुखतंय म्हणून घरी जाता!"

तर एकदा समोरच्या दुकानातले वडील मुलाला शोधत खरंच खाली उतरले. मामांनी त्यांना पाहिलं, खुर्ची दिली, चहा सांगितला आणि माईक उचलून म्हणाले, "टेबल नंबर एक, सीझर मोरालेस, मनिला!" पोरगं पाठ फिरवूनच टेबलाकडे गेलं. वडिलांनी चहा घेतला, अर्धा गेम पाहिला आणि जाताना म्हणाले, "तो मनिलाचा बरा खेळतोय. घरी आला की सांगा त्याला, जेवण झाकून ठेवलंय."

लोकांना मामांच्या अशाच गोष्टी आठवतात. शोकसभेतही त्याच निघाल्या. मला मात्र त्यांचा तक्ता आठवतो, आणि त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही, म्हणून आज जरा सविस्तर सांगतो.

स्पर्धा भरवणं म्हणजे बक्षीस आणि बॅनर असं वाटतं. मामा म्हणायचे, स्पर्धा म्हणजे वेळेचा हिशोब. बघा, 32 खेळाडू आहेत आणि एकदा हरला की बाहेर, तर सामने 31. कारण एक सोडून प्रत्येकानं एकदा हरायचंय. पण लांबून आलेला पोरगा पहिल्याच सामन्यात बाद झाला तर पुढच्या वेळी येत नाही. म्हणून मामा दोनदा हरल्यावर बाहेर काढायचे. मग सामने होतात 62, आणि अपराजित राहिलेला शेवटी एकदा हरला तर 63. पाच गेमचा सामना, म्हणजे आधी पाच गेम जिंकेल तो, साधारण चाळीस मिनिटं घेतो. टेबलं दोनच. म्हणजे वीस तासांच्या वर खेळ, तोही वीज गेली नाही तर. शेवटची बस रात्री नवाच्या आसपास. हे गणित मामा आदल्या रात्री पेन्सिलनं सोडवायचे: पहिल्या फेऱ्या तीन गेमच्या, हरलेल्यांच्या बाजूच्या दोनच्या, फक्त फायनल सातची. खानापूर-चंदगडकडच्यांचे सामने आधी, शहरातल्यांचे नंतर.

तक्ता जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं. जिंकणाऱ्यांची बाजू निळ्या पेन्सिलनं, हरणाऱ्यांची तांबड्या. मी जवळून पाहिलेला एक तक्ता 21 जणांचा होता. 21 जण 32 च्या चौकटीत बसवायचे म्हणजे अकरा जणांना पहिली फेरी फुकट, ज्याला बाय म्हणतात. आळशी माणूस त्या अकरा चिठ्ठ्या वरून खाली ओळीनं लावून टाकतो. मग एका बाजूचा खेळाडू न खेळताच पुढं सरकतो आणि दुसऱ्या बाजूचे घाम गाळत बसतात. मामांनी एक इकडं, एक तिकडं अशा वाटून लावल्या होत्या. शिवाय वरच्या अर्ध्यात हरलेला खेळाडू तांबड्या बाजूला उतरवताना ते त्याला खालच्या अर्ध्यात न्यायचे. नाहीतर ज्यानं सकाळी हरवलं तोच दुपारी परत समोर. त्या कागदावर बाणांचं जाळं झालेलं, पण खाडाखोड एकही नाही. सोडतीच्या चिठ्ठ्या स्टीलच्या पेल्यात, आणि काढायला हॉलमधलं सगळ्यात लहान पोर. बहुधा चहावाल्याचं.

बेळगावच्या पावसाळ्यात टेबलाचं कापड ओल धरतं, बॉल जड चालतात. मामा सकाळी कापड ब्रश करायचे, वरचा दिवा तासभर आधी लावायचे आणि मगच पहिला सामना.

पंच म्हणूनही त्यांचा हिशोब सरळ. नाइन बॉलमध्ये टेबलावरच्या सगळ्यात लहान आकड्याच्या बॉलला व्हाइट आधी लागला पाहिजे. कधी कधी तो दोन बॉलना जवळजवळ एकदमच लागतो, आणि तिथं भांडण. मामा आधीच टॉर्च घेऊन टेबलाच्या कडेशी डोळा लावून बसायचे. दिसलं तर निर्णय. नाही दिसलं तर मारणाऱ्याच्या बाजूनं, कारण आंतरराष्ट्रीय नियमही तसाच आहे. "मला दिसलं नाही" हे ते भोंग्यावरून सांगायचे, त्यात त्यांना कमीपणा वाटायचा नाही.

पैजांचा मात्र राग. अमेरिकेत स्पर्धेआधी खेळाडूंचा लिलाव लावायची जुनी रीत आहे, तिला तिकडं 'कलकत्ता' म्हणतात. कुणीतरी इथंही ती सुरू करूया म्हणाला. मामा म्हणाले, "1958 साली कलकत्त्यात आपल्या पुण्याचा विल्सन जोन्स बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला. मला तेवढंच कलकत्ता ठाऊक आहे." विषय संपला.

आणि उशीर. तीन हाका, दर हाकेत पाच मिनिटं. तिसरीनंतर सामना गेला. एकदा बक्षिसाची रक्कम देणाऱ्या शेटजींचाच मुलगा आला नाही. हॉलमध्ये शेटजी पहिल्या रांगेत, गळ्यात हार. पहिली हाक झाली, दुसरी झाली. सगळे मामांकडे बघून लागले. तिसरी हाक. मग मामा म्हणाले, "बक्षीसदात्यांचे चिरंजीव वेळेअभावी बाद! आणि मंडळी, जोरदार टाळ्या त्यांच्या वडिलांसाठी! पोटच्या पोराला नियमातून सूट मागितली नाही, असा दाता बेळगाव-धारवाडात दुसरा दाखवा!" शेटजींनी सूट मागण्यासाठी तोंड उघडलंच होतं. टाळ्या पडल्यावर हात जोडले. पुढची कित्येक वर्षं बक्षीस त्यांचंच, आणि स्वतःच्या निःपक्षपातीपणाची गोष्ट ते स्वतःच सांगायचे.

अलीकडे तक्ता मोबाइलवर होतो. नावं टाकली की बाय, बाण, वेळ सगळं एका क्षणात तयार. मामांना त्याचं वावडं नव्हतं. उलट पोरांच्या खांद्यावरून डोकावून तपासायचे आणि बरोबर निघालं की जरा नाराज व्हायचे. त्यांच्या शेवटच्या स्पर्धेत त्यांना उभं राहवत नव्हतं, खुर्चीत बसून माईक धरला होता. मोबाइलनं सोडत काढली आणि पहिल्याच फेरीत वडगावचे दोन सख्खे भाऊ समोरासमोर आले. पोरं म्हणाली, मामा, बटण परत दाबू काय? मामा म्हणाले, "पेला असता तर पेला परत हलवला असतास काय?" आणि माईक तोंडाशी नेला.

"टेबल नंबर एक! वडगावचे दोघं भाऊ, एकाच स्कूटरवरून आलेले. जाताना गाडी कोण चालवणार ते आता ठरेल!"