येऊ दे, येऊ दे... बास!

(टेबलावर कोरा कागद. हातात पेन.)

आधी एक गंमत करू. डोळे मिटायचे आणि कागदावर बरोब्बर दहा सेंटिमीटरची रेघ ओढायची. (डोळे मिटून रेघ ओढतो.) झाली! आता कागद पालथा. मोजायचं नाही. तुम्हीही ओढा, पण पट्टीला हात लावू नका. का, ते सांगतो.

हा खेळ जुना आहे. १९३२ साली ट्रोब्रिज आणि केसन या दोन संशोधकांनी लोकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून ठरावीक लांबीच्या रेघा ओढून घेतल्या. काहींना काहीच सांगितलं नाही. काहींना नुसतं 'बरोबर' किंवा 'चूक'. काहींना नेमकं किती जास्त, किती कमी. आणि एका गटाला प्रत्येक रेघेनंतर चक्क निरर्थक अक्षरं ऐकवली! नेमका आकडा कळणारे सगळ्यांत पुढे गेले, यात नवल नाही. चूक कळलीच नाही तर हात सुधारणार कसा?

मग वाटतं, फीडबॅक जितका जास्त आणि जितका लगेच, तितकं चांगलं. मलाही वाटायचं.

गाडी रिव्हर्स घ्यायला शिकत होतो, तेव्हा एक मित्र मागे उभा राहायचा. "येऊ दे, येऊ दे... थोडं डावीकडे... येऊ दे... बास!" महिनाभर गाडी झकास लागायची. एक दिवस तो नव्हता. खांब मात्र होता. दिवा फोडून घरी आलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: इतके दिवस गाडी तोच लावत होता, मी फक्त स्टिअरिंग फिरवत होतो.

१९६२ मध्ये लॅव्हरी यांच्या प्रयोगात हेच दिसलं होतं. एका गटाला प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितला, दुसऱ्याला वीस प्रयत्न झाल्यावर सगळे एकदम. सराव चालू असताना दुसरा गट मागे. पण निकाल सांगणं बंद केल्यावर तोच पुढे! १९८४ मध्ये सालमोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी याचा अर्थ लावला: फीडबॅक वाट दाखवतो, पण सतत मिळाला तर आपण त्याच्यावर रेलून बसतो.

शरीराकडे स्वतःची खबर असते. हात कुठवर गेला, किती जोर लागला, हे स्नायू आणि सांधे मेंदूला कळवत असतात. बाहेरून आयतं उत्तर आलं की ही खबर कोण वाचतो? दुसरी भानगड म्हणजे बारीकसारीक चुकांची. रेघ दोन मिलिमीटर लांब झाली, हे ऐकून पुढची आखडती घेतो, मग ती तोकडी पडते. हात कधी सारखा पडतच नाही. इतका फरक कुणाचाही होतो, तिथे शिकवणाऱ्यानं गप्प बसावं. चूक ठरावीक मर्यादेबाहेर गेली तरच बोलावं.

सुरुवातीला भरपूर सांगायचं आणि हळूहळू कमी करत न्यायचं, हीसुद्धा चांगली रीत. विन्स्टाइन आणि श्मिट यांनी १९९० मध्ये निम्म्याच प्रयत्नांना अशा उतरत्या क्रमानं फीडबॅक दिला. दुसऱ्या दिवशी, फीडबॅकशिवाय, तो गट सरस ठरला.

अर्थात हे सगळीकडे जसंच्या तसं लागू होत नाही. रेघ सोपी आहे. सगळं अंग सांभाळायचं असेल, तर गणित बदलतं. स्कीइंगच्या सिम्युलेटरवर वुल्फ आणि सहकाऱ्यांना सततचा फीडबॅक उपयोगी पडलेला दिसला. त्यामुळे नवख्याला पहिल्याच दिवशी वाऱ्यावर सोडून 'तुझं तू बघ' म्हणणारे मला पटत नाहीत.

मला सगळ्यांत आवडलेली युक्ती फुकटची आहे: निकाल ऐकण्याआधी स्वतः अंदाज बांधायचा. म्हणून तर कागद पालथा ठेवला. माझा अंदाज, रेघ साडेनऊ भरेल. शेवटी हात जरा लवकर थांबल्यासारखा वाटला. तुमचा अंदाज कागदाच्या मागे लिहिलात? आता पट्टी घ्या.

(कागद उलटतो, पट्टी लावतो.)

आठ पूर्णांक सहा! थांबा, दुसरी ओढतो.