औषधाचा खाडा

अध्यक्षमहाशय आणि वाचनालयाचे सभासदहो, घरी घ्यावयाच्या केमोथेरपीच्या गोळ्या या विषयासाठी मला चाळीस मिनिटे मिळाली होती. त्यांतली दहा स्वागतगीतात गेली असल्यामुळे मी थेट काकूंपासूनच सुरुवात करतो.

माझे काका कुडाळ तालुक्यात राहत. आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया मुंबईत झाली आणि पुढचे उपचार घरीच, कॅपेसिटाबीनच्या गोळ्यांवर, करायचे ठरले. सलाईन नाही, सुई नाही, केवळ गोळ्या, म्हणून सगळे घर निश्चिंत झाले. माझा आक्षेप आहे तो या ‘केवळ’वर. ही गोळी पोटात गेल्यावर तिचे शरीरात फ्लुरोयुरॅसिल बनते, म्हणजे रुग्णालयात परिचारिका हातमोजे घालून सलाईनमधून देते तेच औषध. आमच्याकडे परिचारिकेच्या जागी काकू होत्या आणि त्यांना हातमोजे कोणी दिलेले नव्हते.

काकू शिस्तीच्या. काकांच्या रक्तदाबाच्या गोळीत वीस वर्षांत त्यांनी एकदाही खाडा पडू दिला नव्हता, आणि नेमका हाच सद्गुण येथे आडवा आला. चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ गोळ्या आणि मग सात दिवस विश्रांती, असा या औषधाचा क्रम असतो. चिठ्ठीवरचे अक्षर मोडीवाचकालाच लागावे असे होते, तरीही मुलाने ते लावून सांगितले, तेव्हा काकू म्हणाल्या, “दुखण्याक सुट्टी नाय, मगे औषधाक कित्याक?” (तुम्ही हसता आहात, पण तुमच्यापैकी निम्म्यांनी हेच केले असते.) त्या सात दिवसांत रक्तातल्या पेशी, तोंडाचे आणि आतड्याचे अस्तर पुन्हा भरून येते, म्हणजे तो खाडा हाही उपचारच असतो, हे त्यांना कोणी समजावलेच नव्हते. तिसऱ्या आठवड्यात काकांचे तोंड आले, तळपाय लाल होऊन सोलले आणि जुलाब सुरू झाले. त्यांचे खापर काकूंनी आदल्या दिवशीच्या फणसाच्या गऱ्यांवर फोडले. सलाईन टळली म्हणून आनंदलेले काका पुढे आठ दिवस सलाईनवर होते.

मी भेटायला गेलो तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. गोळ्या मोठ्या, गिळवत नाहीत, म्हणून काकू त्या खलबत्त्यात कुटून मधातून देत, आणि त्याच खलबत्त्यात चहाचे आले ठेचले जाई. ती पूड हवेत उडते, श्वासावाटे आत जाते, आणि शेजारी भाकऱ्या थापणारी सून गरोदर होती.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे ज्यासाठी मला बोलावले ते आता घाईने सांगतो. गोळी कुटू, तोडू किंवा चघळू नये. गिळवत नसेल तर डॉक्टरांना विचारावे. दुसऱ्याने द्यायची असल्यास हातमोजे घालावेत, नंतर हात धुवावेत, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने गोळीला हात लावू नये. कॅपेसिटाबीन जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची असते, पण मेंदूतल्या गाठीवरची टेमोझोलोमाइड सहसा उपाशीपोटी, तेव्हा शेजाऱ्याचा नियम आपल्याला लावू नये. रक्ताच्या कर्करोगावरच्या इमॅटिनिबसारख्या काही गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूट वर्ज्य असते आणि आपले पपनस त्याच कुळातले, म्हणून गणपतीच्या माटवीला टांगलेले पपनस सोलण्यापूर्वी विचारलेले बरे. डोस चुकला किंवा उलटून पडला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, किंवा रोजच्यापेक्षा चार वेळा जास्त शौचास जावे लागले, तर सकाळची वाट न पाहता फोन करावा. गोळ्या मूळ वेष्टनातच, आपल्या पावसाळी दमटपणापासून आणि मुलांपासून दूर ठेवाव्यात, चुलीजवळच्या फळीवर नव्हे. गोळी घेतल्यापासून ४८ तास शौचालयात झाकण लावून दोनदा पाणी सोडावे आणि मळलेले कपडे वेगळे धुवावेत.

उरलेल्या गोळ्या पातेऱ्याबरोबर जाळू नयेत, माडाच्या आळ्यात पुरू नयेत आणि विहिरीकडे तर नेऊच नयेत. जिथून आणल्या तिथेच परत द्याव्यात. काकांच्या उरलेल्या गोळ्या मी स्वतः पिशवीत बांधून एस.टी.ने परत नेल्या, तेव्हा पिशवी उघडण्याआधीच खिडकीवरच्या मुलाने पैसे परत मिळणार नाहीत म्हणून बजावले.