जे पोटात टिकेल ते

नमस्कार श्रोतेहो.

माझं काम आहाराचं. दिवस गेलेल्या बायकांना तक्ता लिहून देण्यात माझी कित्येक वर्षं गेली. सकाळी हे, अकरा वाजता ते, पालेभाजी रोज, डाळ दोन्ही वेळा. सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून. मग मलाच दिवस राहिले. सहाव्या आठवड्यात एका सकाळी माझाच तक्ता मी वाचायला घेतला, ‘पालेभाजी’ या शब्दापाशी आले आणि तोंडावर हात दाबून मोरीकडे पळाले. भाजी घरात नव्हती, नुसता शब्द होता. तेव्हापासून पहिल्या तीन महिन्यांचा तक्ता मी कुणाला दिलेला नाही.

मग सांगते काय? एवढंच, की मळमळीच्या या आठवड्यांत जे पोटात टिकेल ते खायचं. सलग चार दिवस दहीभातच टिकत असेल तर चार दिवस दहीभात. चांगलंचुंगलं नंतर.

हे ऐकून घरातल्या वडीलधाऱ्या हमखास विचारतात, ‘मग बाळाचं कसं व्हायचं?’ प्रश्न मायेचा आहे, पण हिशेब चुकलेला आहे. मळमळ सर्वांत जोरात असते ती साधारण नवव्या आठवड्यात. त्या वेळी बाळाची लांबी असते जेमतेम दोन-सव्वादोन सेंटीमीटर, वजन दोन-तीन ग्रॅम. बारा आठवडे भरतात तेव्हा ते १४ ग्रॅमच्या आसपास असतं. एवढ्याशा जिवाला वाढायला आईने दोघांचं जेवण जेवायची गरज नसते. पहिल्या तीन महिन्यांत जादा उष्मांक जवळपास लागतच नाहीत. ती गरज पुढे वाढते, आणि तोवर बहुतेकींची भूकही परत आलेली असते.

एक गोष्ट मात्र या काळात सोडायची नाही. फॉलिक ॲसिडची गोळी. बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया ज्या नळीतून घडतो, ती गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत मिटते, म्हणजे अनेकींना बातमी कळते न कळते तोच. रोज ४०० मायक्रोग्रॅम हे नेहमीचं प्रमाण. काहींना जास्त लागतं, ते डॉक्टर सांगतील. लोहाची गोळी मात्र मळमळ वाढवते. ती घेतली की उलटी होत असेल तर मुकाट्याने कचऱ्यात टाकू नका आणि हट्टाने गिळूही नका. डॉक्टरांना सांगा. बऱ्याचदा ते लोह थोडे आठवडे थांबवून नुसतं फॉलिक ॲसिड चालू ठेवतात.

आता ही मळमळ होते तरी का? माझ्या लहानपणी यावर एकच उत्तर मिळायचं, ‘मनावर घेऊ नकोस.’ म्हणजे दोष बाईच्या मनाचा! मार्लेना फेझो नावाच्या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ आहेत. १९९९ साली त्यांना या उलट्यांनी इतकं खंगवलं की त्यांचं बाळ गेलं. पुढे त्यांनी याच दुखण्याचा पिच्छा पुरवला. डिसेंबर २०२३ मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांबरोबरचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गर्भ आणि वार यांतून जीडीएफ १५ नावाचं एक संप्रेरक आईच्या रक्तात उतरतं आणि मेंदूच्या मागच्या भागातलं मळमळीचं केंद्र चाळवतं. जिच्या रक्तात ते आधी अगदी कमी असतं, तिला अचानक वाढलेली मात्रा फार बाधते. बीटा थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या बायकांच्या रक्तात हे संप्रेरक एरवीच भरपूर असतं, आणि गरोदरपणी त्यांना मळमळीचा त्रास फार कमी होतो. शरीराला सवय असली की सोसतं, नसली की उलटतं. यात मनावर घेण्या-न घेण्याचा संबंध कुठे आला?

दहांतल्या सात-आठ जणींना थोडीफार मळमळ होतेच. इंग्रजीत तिला सकाळचं दुखणं म्हणतात. ज्याने कुणी हे नाव ठेवलं, त्याने संध्याकाळी सात वाजता घरात डोकावलं नसावं.

तरी सकाळपासूनच सुरुवात करू. पोट रिकामं असलं की मळमळ चेकाळते, आणि रात्रभर ते रिकामंच असतं. मी उशाशी एक डबा ठेवायचे, कोरड्या खाऱ्या बिस्किटांचा. जाग आली की डोळे न उघडता हात डब्यात. उठायचं नाही, कुशीवर पडल्या पडल्याच एक बिस्किट उंदरासारखं कुरतडायचं. कडेकडेने. अर्धं संपलं की थांबायचं, लाळ गिळायची, उमासा येतोय का बघायचं, मग उरलेलं. पंधरा-वीस मिनिटांनी पाय खाली. गादीत चुरा व्हायचा, नवरा रात्री झटकायचा. एवढ्यावर उलट्या थांबल्या असं नाही, पण उठल्या उठल्या पिवळं पित्त पडायचं, ते बंद झालं.

पुढचा दिवसही असाच घासाघासाने रेटायचा. दर तास-दोन तासांनी मूठभर काहीतरी. भूक लागायची वाट बघितलीत तर उशीर झालेला असतो. केळं, टोस्ट, उकडलेला बटाटा, भात, थोडं दही. टिकत असेल तर त्यात मूठभर दाणे किंवा नीट उकडलेलं अंडं घाला; प्रथिनांनी पोट जरा जास्त वेळ शांत राहतं. तेलकट आणि झणझणीत सध्या लांबच बरं. जेवताना पाणी पिऊ नका, अर्धा तास आधी किंवा नंतर प्या, तेही घोट घोट. साधं पाणी नकोसं होतं अनेकींना, मला तर ते गंजल्यासारखं लागायचं. गार करून, लिंबू पिळून, नाहीतर बर्फाचा खडा चघळून, जसं जाईल तसं जाऊ द्या. खाणं एक दिवस कमी झालं तर चालतं, पाणी कमी झालेलं चालत नाही.

वासाचं तर विचारूच नका. शेजारच्या घरी कांदा परतायला घेतला की मला आमच्या न्हाणीघरात कळायचं. गरम अन्नाची वाफ तो वास थेट नाकात नेते, म्हणून पदार्थ गार करून खा. गार म्हणजे फ्रिजमधला, सकाळपासून ओट्यावर पडलेला नव्हे. या दिवसांत शिळ्याने पोट बिघडलं तर दुप्पट हाल. आणि जमलं तर स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करावा, खिडकी उघडी ठेवून. ही चैन नव्हे, उपचार आहे.

आल्याबद्दल सगळे विचारतात. दिवसाला साधारण एक ग्रॅम सुंठ इतक्या मात्रेचे प्रयोग झालेत. मळमळ थोडी कमी होते, उलट्यांवर फारसा फरक पडत नाही. माझा घसा जळला, बाकी काही नाही. तुम्हाला मानवलं तर घ्या.

उलटी झाली की लगेच ब्रश करायची इच्छा होते. करू नका. पोटातल्या आम्लाने दातांवरचं आवरण मऊ झालेलं असतं, ब्रशने ते झिजतं. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून चूळ भरा, ब्रश अर्ध्या-पाऊण तासाने.

औषधांची भीती आपल्या मनात खोल बसली आहे, आणि ती उगाच बसलेली नाही. १९५७ पासून जर्मनीत थॅलिडोमाइड विकलं गेलं, गरोदर बायकांनी ते मळमळीवर घेतलं, आणि १९६१ मध्ये ते मागे घेईपर्यंत जगभरात हजारो मुलं हातापायांची व्यंगं घेऊन जन्मली. पण त्या एका औषधापायी सगळ्याच औषधांना नाही म्हणणं, हाही बाईवर अन्यायच. ब-६ जीवनसत्त्व, आणि त्याच्या जोडीला डॉक्सिलामिन नावाचं औषध, ही जोडी असंख्य बायकांनी वापरली आहे, तिचा भरपूर अभ्यास झाला आहे आणि डॉक्टर पहिल्यांदा तीच देतात. ‘आणखी थोडं सोसून बघू’ म्हणत दोन महिने काढण्यापेक्षा ती लवकर विचारलेली बरी. दुकानातून आपल्या मनाने मात्र काही आणू नका.

घरातल्या मंडळींसाठी एक सांगते. ‘तुला काय खावंसं वाटतंय?’ असं विचारू नका. तिला काहीच खावंसं वाटत नाहीये, आणि उत्तर शोधायला तिला दहा पदार्थ डोळ्यांपुढे आणावे लागतात. आमच्याकडे नवऱ्याने आठवडाभराने हे ओळखलं. एका छोट्या ताटलीत केळ्याच्या चार चकत्या आणून शेजारी ठेवायचा आणि खोलीबाहेर जायचा. उरल्या तर परत न्यायचा, बोलायचा नाही. ‘एवढंसंच खाल्लंस?’ हे वाक्य त्याने आयुष्यात कधी उच्चारलं असेल तर त्या तीन महिन्यांत नाही.

आणि हो, जिला मळमळ होत नाही तिने घाबरून जाऊ नये. काहींना होतच नाही आणि बाळ ठणठणीत असतं.

बहुतेकींचं हे बारा ते सोळा आठवड्यांत निवळतं. काहींचं मात्र हाताबाहेर जातं, त्याला वैद्यकात वेगळं नाव आहे, आणि तिथे बिस्किटं-बिस्किटं म्हणत बसायचं नसतं. चोवीस तास पाण्याचा घोटही टिकत नाही, उभं राहिलं की अंधारी येते, उलटीत रक्त दिसतं, वजन आधीच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून जास्त उतरतं, म्हणजे ६० किलोची बाई ५७ च्या खाली जाते, तर तडक दवाखाना. ताप असेल, पोटात दुखत असेल किंवा नऊ आठवड्यांनंतर पहिल्यांदाच उलट्या सुरू झाल्या असतील, तर कारण दुसरंच असू शकतं, तेही दाखवून घ्या.

मला दोनदा सलाइन लावावं लागलं. पहिल्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, ‘शेवटची लघवी कधी झाली?’ मला सांगता येईना. आठ तास उलटून गेले होते आणि माझ्या ते ध्यानातही नव्हतं. उलट्या मोजत होते, हे मोजायचं सुचलंच नाही. घरी आल्यावर नवऱ्याने न्हाणीघराच्या दाराला दोरीने एक पेन्सिल आणि कागद बांधला. वेळ लिहायची, आणि रंग गडद असेल तर शेजारी फुली. तेराव्या आठवड्यापर्यंत तो कागद तिथेच लटकत होता, पाहुणे आले तरीही.