तलफ कुठून येते?

श्रोतेहो, नमस्कार. मी औषधशास्त्र शिकवते, पण आज सुरुवात माझ्या मामांपासून करते. निपाणीची तंबाखू, डबीत चुना, आणि रोज संध्याकाळी रंकाळ्याच्या कठड्यावर मित्रांसोबत बार भरायचा. तोंडात पांढरा चट्टा आला, तेव्हा घाबरून सोडली. तीन महिने माझ्याकडे पुण्यात राहिले. पहिले काही दिवस जड गेले, पुढं नावही काढलं नाही. कोल्हापूरला परतले, रंकाळ्यावर बसले आणि हात आपोआप खिशाकडे गेला. फोनवर म्हणाले, "तोंडाला पाणी सुटलं बघ, पोरी."

मला शेपर्ड सीगल आठवले. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातले हे मानसशास्त्रज्ञ. शरीर नशेला सरावतं कसं, या प्रश्नामागे त्यांनी उभी कारकीर्द घातली. १९७५ साली त्यांनी उंदरांवर दाखवलं, की मॉर्फिनचा असर कमी होत जातो त्यात शिकण्याचा मोठा वाटा असतो. रोज ज्या खोलीत सुई टोचली जाते, ती खोली शरीर ओळखू लागतं. औषध वेदना मारणार, म्हणून शरीर आधीच उलट्या दिशेनं तयारीला लागतं. सीगल यांचं म्हणणं असं, की औषध आलंच नाही तर ती तयारी तशीच उरते आणि जिवाची तगमग होते. आपल्याकडे तिला नेमका शब्द आहे, तलफ.

१९८२ चा त्यांचा प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगते, आणि दरवर्षी वर्ग गप्प होतो. हेरॉइनला सरावलेल्या उंदरांना एकदम मोठा डोस दिला. नेहमीच्या खोलीत सुमारे ३२ टक्के उंदीर मेले. तोच सराव, तोच डोस, फक्त खोली वेगळी, तिथं ६४ टक्के. हेरॉइन कधीच न मिळालेल्यांत ९६ टक्के. अनोळखी खोलीत शरीर बेसावध राहिलं होतं.

म्हणून व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेला मुलगा जुन्या कट्ट्यावर ढळला, की "याच्यात दमच नाही" असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्याचं शरीर ती जागा विसरलेलं नसतं. आणि मधल्या काळात सराव उतरलेला असतो, त्यामुळे अफू किंवा हेरॉइनचा जुना डोसही जीव घेऊ शकतो. घरच्यांनी हे आधीच जाणून असावं.

मामांना मी एवढंच सांगितलं, बसायची जागा बदला. हल्ली ते संध्याकाळी पंचगंगेच्या घाटावर जातात. मित्रांनाही तिकडेच बोलावलंय.