कुंडीतली माती आणि रात्रीचं बुलेटिन

श्रोतेहो, नमस्कार.

कोरोना आल्यापासूनच्या, म्हणजे मार्च 2020 ते जून 2021 या सव्वा वर्षात आपल्या इंदुरात घराघरांतली जी झाडं गेली, त्यांतली बहुतेक पाणी कमी पडून नव्हे, पाणी जास्त होऊन गेली असा माझा अंदाज आहे. मोजदाद कोणी केलेली नाही. पण मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, त्यामुळे ओळखीत कोणाचंही झाड आजारी पडलं की फोन मला येतो, आणि टाळेबंदीपासून या फोनवरचं वाक्य जवळपास ठरलेलं असतं. "काकू, रोज न चुकता पाणी घालते हो, तरी पिवळं पडतंय."

रोज न चुकता घालता, म्हणूनच तर!

आधी माणसं सकाळी डबा घेऊन बाहेर पडायची. कोपऱ्यातल्या मनी प्लांटकडे रविवारी लक्ष जायचं, तेव्हा तांब्याभर पाणी मिळायचं आणि ते बापडं खुशाल होतं. मार्च 2020 मध्ये सगळे घरात आले. जीव घाबरलेला, हाताला काम नाही. सासूबाईंनी सकाळी पाणी घातलं, सुनेनं दुपारी घातलं, शाळा बंद असलेल्या नातवानं संध्याकाळी घातलं. प्रत्येकाला वाटलं, आपण सोडून दुसरं कोणी बघतच नाही.

आता कुंडीच्या आत काय होतं ते सांगते. मुळांनाही ऑक्सिजन लागतो. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, त्यांतल्या हवेवर मुळं जगतात. पाणी सतत घालत राहिलं की त्या पोकळ्या पाण्यानं भरतात आणि मुळं गुदमरतात. मग बुरशीला आयतंच निमंत्रण. अशा झाडाची कुंडी उलटी करून बघा. निरोगी मूळ पांढरट आणि कडक असतं. सडलेलं मूळ तपकिरी झालेलं असतं, चिमटीत धरून ओढलं की वरचं साल मोज्यासारखं निघून हातात येतं आणि मागे नुसता दोरा उरतो. वास तुंबलेल्या गटाराचा येतो.

गंमत अशी की सडलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, त्यामुळे माती चिंब असूनही झाडाची पानं मलूल होऊन लोंबतात. तहानलेल्या झाडाची पानंही अशीच लोंबतात. बघणारा म्हणतो, अरेरे, पाणी कमी पडलं. आणि आणखी एक तांब्या ओततो.

या लोंबलेल्या पानाकडे बघताना मला आपलं बातम्यांचं वेड आठवतं. 2021 च्या एप्रिल-मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आपण काय करत होतो? सकाळी डोळे उघडायच्या आत फोन. दिवसभर टीव्हीच्या खालच्या पट्टीवर आकडे. रात्री जिल्ह्याचं कोरोना बुलेटिन आल्याशिवाय झोपायचं नाही, आणि आलं की झोप उडायची. दुसऱ्या दिवशी डोकं जड, कशात मन नाही, आणि वाटायचं की आपल्याला नीट माहिती नाही म्हणून ही घालमेल होतेय. म्हणून पुन्हा फोन. तहान समजून पाणी ओतत राहायचं, तसंच हे.

जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च 2020 मध्येच सांगून ठेवलं होतं की साथीच्या बातम्या दिवसातून एकदा किंवा दोनदा, ठरलेल्या वेळी बघा, सारख्या बघू नका. कोणी ऐकलं? रेडिओवर बोलतेय म्हणून रेडिओची तारीफ करते असं समजू नका, पण रेडिओच्या बातम्यांना एक शिस्त होती आणि अजून आहे. ठरल्या वेळी सुरू होतात, दहा-पंधरा मिनिटांत संपतात, आणि मग गाणी लागतात. फोनवरची बातमी संपतच नाही. बोट वर सरकवत राहा, खालून नवी येतच राहते.

ज्यांच्या घरी पेशंट होता, ज्यांना खाट हवी होती, इंजेक्शनसाठी रांगेत उभं राहायचं होतं, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना बातम्या कमी बघा म्हणणं हा आगाऊपणा झाला असता. मी बोलतेय ते आपल्यासारख्यांबद्दल, ज्यांचं घरात बसून राहणं हेच काम होतं.

पुन्हा मातीकडे येऊ. माळव्याची काळी माती गव्हाला सोन्यासारखी. कुंडीत मात्र ती अवघड. भिजली की फुगते, चिकट होते, हवा आत शिरू देत नाही. वाळली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली बशीत उतरतं, मधला गोळा कोरडाच. पाणी बाहेर आलं म्हणून आपण समाधानी, आणि झाड उपाशी. म्हणून नुसती काळी माती भरू नका. एक भाग माती, एक भाग कुजलेलं खत, एक भाग जाड रेती किंवा कोकोपीट, एवढं पुरतं. कुंडीच्या तळाचं भोक मोकळं हवं. दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवलेल्या बिनभोकाच्या चिनी मातीच्या कुंड्या मला बघवत नाहीत, पण तो विषय राहू दे.

पाणी कधी घालायचं? बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओल लागली तर परत फिरा. ज्यांना हात मळवायचा नाही त्यांनी कुंडी उचलून बघावी. पाणी हवं असलेली कुंडी हलकी लागते, थोड्या सवयीनं हे हातालाच कळतं. स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट, कोरफड यांची माती पूर्ण वाळू द्या. आणि पाणी कोणतं? सत्तरेक किलोमीटरवरून, जलूदहून चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी चांगलं. बोरिंगचं पाणी जड असतं. कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरते आणि स्पायडर प्लांटच्या पानांची टोकं करपतात, ते या क्षारांमुळे. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला ठेवा, झाडांना नको, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. पावसाळ्यात तर पन्हाळीखाली बादली ठेवा. पावसाच्या पाण्याची सर कशालाच नाही.

उजेडाबद्दल एकच गोष्ट, कारण ती आपल्या गावापुरती आहे. कर्कवृत्त उज्जैनच्या जवळून जातं आणि आपण त्याच्या थोडेसेच दक्षिणेला. त्यामुळे 21 जूनच्या सुमारास दुपारचा सूर्य आपल्याकडे डोक्यावरून किंचित उत्तरेला झुकतो आणि सकाळ-संध्याकाळ तर चांगला उत्तरेकडून येतो. उत्तरेची गॅलरी सावलीची म्हणून तिथे नाजूक झाडं ठेवलेली असतात, आणि मे-जूनमध्ये त्यांची पानं भाजतात. "हिवाळ्यात इथेच मस्त होतं हो!" होतंच. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला गेलेला होता.

आता जरा रागाचा विषय. एप्रिलमध्ये शहरात ऑक्सिजनसाठी धावाधाव चालली होती, त्या दिवसांत मोबाइलवर एक मजकूर फिरत होता. अमुक झाडं उशाशी ठेवा, ती रात्रीसुद्धा प्राणवायू देतात, लेव्हल वाढेल. शिकलेल्या माणसांनी मला तो पाठवला. कोणी ऑक्सिमीटर लावलेल्या आईच्या खाटेशेजारी स्नेक प्लांट आणून ठेवलं. श्रोतेहो, माणसाला दिवसाला साधारण 550 लिटर ऑक्सिजन लागतो. चार कुंड्यांकडून त्याचा नाव घ्यावा एवढाही वाटा निघत नाही. स्नेक प्लांटची पर्णरंध्रं रात्री उघडतात हे खरं, पण ती उघडतात कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवण्यासाठी. ऑक्सिजन तयार होतो तो उजेडातच. रात्री ते झाडही तुमच्याआमच्यासारखं श्वसनच करतं.

झाडांनी घरातली हवा शुद्ध होते, हा समज त्याचाच भाऊ. त्याचं मूळ 1989 सालच्या नासाच्या एका प्रयोगात आहे. तो प्रयोग बंद पेट्यांमध्ये झाला होता. आपल्या घरांना दारं-खिडक्या असतात. पुढे 2019 मध्ये अमेरिकेतल्याच संशोधकांनी असे सगळे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा हिशेब निघाला की खिडकीतून होणाऱ्या हवेच्या बदलाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला 10 पासून 1000 पर्यंत झाडं लागतील. म्हणजे घरात झाडंच राहतील, आपण जिन्यात. खिडकी उघडा, काम झालं. झाड आवडतं म्हणून ठेवावं, औषध म्हणून ठेवू नये.

मेमध्ये उलटी भीती आली. काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस. लोकांनी घाबरून कुंड्या खाली नेऊन ठेवल्या. या बुरशीचे बीजाणू मातीत, कुजणाऱ्या पाल्यात, खतात असतात, यात काही नवं नाही. धडधाकट माणसाला त्यांचा सहसा त्रास होत नाही. ज्यांची साखर आटोक्यात नाही, ज्यांना कोरोनात स्टिरॉइड दिली गेली, त्यांनी मात्र जपायचं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची सूचना स्पष्ट आहे: माती, शेवाळ, खत हाताळताना बूट, पूर्ण पँट, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे. माझ्याकडून एवढी भर की तोंडावर मास्क असू द्या, आणि खताला आधी पाण्याचा हबका मारा म्हणजे धूळ उडत नाही. घरात कोणी नुकतं बरं झालं असेल तर त्याच्याकडे झाडं बघायचं काम द्या, कंपोस्टचा ड्रम हलवायचं काम दुसऱ्यानं करावं. स्वच्छतेच्या सर्वेक्षणात 2020 पर्यंतच सलग चार वेळा देशात पहिले आलेलो आपण, ओल्या कचऱ्याचा ड्रम पुष्कळांच्या गॅलरीत आहे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

एवढं सगळं वजा केल्यावर झाडांचा उपयोग काय, असं कोणी विचारेल. मला दिसलेला उपयोग अगदी साधा आहे. मातीनं भरलेल्या हातात फोन धरता येत नाही.

पिठ्या ढेकूण काढायला बसा एकदा. पानाच्या देठाशी, जिथे ते खोडाला मिळतं त्या बेचक्यात, कापसाचा कण चिकटल्यासारखा दिसतो. तो कापूस नसतो, किडा असतो, आणि शेजारचं पान हाताला चिकट लागतं. कानकोरणीला कापूस गुंडाळून सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि एकेका ठिपक्याला लावायचा. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. ठिपका विटकरी होतो आणि सुटतो. मग पान उलटं करायचं, कारण मोठी वसाहत शिरेच्या आडोशाला असते. एका मध्यम झाडाला अर्धा तास सहज जातो, आणि त्या अर्ध्या तासात बाहेर कोरोनाचा नवा प्रकार डेल्टा प्लस आला की गेला, याचा पत्ता नसतो. आठ दिवसांनी पुन्हा तपासायचं, कारण अंडी राहून जातात. मधल्या दिवसांत काही करायचं नाही. आपल्याला जड जातं ते हे मधलं काही न करणं. नवं पान सुरळीतून उघडायला त्याचा वेळ घेतं, दर तासाला जाऊन बघितलं म्हणून लवकर उघडत नाही.

आणि ज्यांना झाडांत रस नाही त्यांनी ओढूनताणून आणू नये. टाळेबंदीत पांढऱ्या ठिपक्यांच्या पानांची झाडं लोकांनी हजारो रुपयांना घेतली, फोटो काढले, आणि मग त्यांचीच चिंता घेऊन बसले. एक चिंता कमी होती का?

शेवटी एक विनंती. 24 जून 2021 ला वटपौर्णिमा झाली. त्या वर्षीही पुष्कळजणींनी घरीच फांदी आणून पूजा केली. वडाची फांदी तोडून वडाची पूजा, हे माझ्या पचनी कधी पडलं नाही, पण आणलीच असेल आणि जाडसर असेल तर पाण्यात न ठेवता ओल्या रेतीत खोचा. पावसाळ्यात ती फुटू शकते. फुटलीच तर कुंडीत कोंडून ठेवू नका, एखाद्या मोकळ्या मैदानाच्या कडेला लावा.

कलमं करायला पावसाळ्याचेच दिवस चांगले. मनी प्लांटच्या वेलीवर पानाखाली जो गाठीसारखा उंचवटा असतो, त्याच्या जरा खाली कापायचं आणि ती गाठ पाण्यात बुडेल असं ठेवायचं. दोन-तीन आठवड्यांत मुळं येतात. ओळखीपाळखीत 2021 च्या उन्हाळ्यात कोणाचं तरी माणूस गेलं, आणि आपल्याला भेटायला जाता आलं नाही. तेराव्यालासुद्धा नाही. आता जावंसं वाटतं, पण रिकाम्या हातानं कसं जायचं आणि पेढे तर नेता येत नाहीत. तिथे रोप न्यायचं असेल तर मुळं धरलेलं, कुंडीत बसलेलं, आणि चार आठवडे विसरलं तरी न मरणारं न्या. झेडझेड चालेल, स्पायडर प्लांट चालेल. गुलाब नको, फर्न नको. थकलेल्या माणसाच्या गळ्यात आणखी एक आजारपण घालू नये. पाणी कधी घालायचं ते एका ओळीत चिठ्ठीवर लिहा, बेल वाजवा, घरातले या म्हणाले तर आत जाऊन बसा. नंतर "झाड कसं आहे" म्हणून फोन करू नका. मेलं असलं तर त्यांना ओशाळवाणं वाटेल. फोन करायचाच तर त्यांचीच खुशाली विचारा, आणि कुंडी परत मागू नका.

नमस्कार.