पाटी वाचून पुस्तक

(सीबीएस स्टँड, सकाळची वेळ. गाड्यांच्या पाट्या एकामागून एक.)

आजरा, कागल, चंदगड, राधानगरी, गडहिंग्लज... कोल्हापूरच्या सीबीएसवर उभं राहिलं की दिवसभर ह्याच पाट्या समोरनं जातात, आणि आपल्या लेखी त्या म्हणजे पाव्हण्यांच्या गावाला जायच्या गाड्या, दुसरं काय. पण गेल्या वर्षी आम्ही चौघांनी एक नियम काढला की वर्षभर फक्त कोल्हापूर जिल्ह्यातल्या लेखकांचंच वाचायचं. बास. का, तर मास्तर म्हणाले म्हणून. मास्तर झेडपीच्या शाळेत शिकवतात, त्यांना नियम काढायची सवयच आहे. बाकी आमच्यात एक मिस्त्री, त्याचं उद्यमनगरात गॅरेज आहे, त्याची बायको म्हणजे आमची वहिनी, जी आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त वाचते आणि कमी बोलते, आणि मी, ज्याच्या गळ्यात हा व्हिडिओ पडला.

पुस्तकं विकत घ्यायची म्हटलं की मिस्त्री खिशाकडं बघतो, म्हणून लायब्ररी. आणि लायब्ररीच्या बाबतीत कोल्हापूरवाल्यानं खरंतर कॉलर ताठ करून फिरायला पाहिजे राव. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं आहे, सत्तावनच्या बंडाच्या आधीचं. आणि हे तर आम्हाला ह्याच वर्षी कळलं, १९४५ साली कोल्हापूर संस्थानानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, देशातला असला पहिला कायदा. मद्रासचा आला १९४८ ला आणि महाराष्ट्राचा १९६७ ला. आता एवढं सगळं असून पेठेतल्या छोट्या वाचनालयात संध्याकाळी गेलं तर पेपर वाचणारी चार म्हातारी माणसं आणि वरती गरगर फिरणारा पंखा, ही पण खरी गोष्ट आहे, ती काय कॅमेऱ्यात लपवता येत नाही.

(टेबलावर एक जुनी प्रत. पान उलटताना हात.)

पहिलं पुस्तक निघालं 'झोंबी'. आनंद यादव, गाव कागल, हायवेनं इथनं अर्ध्या तासावर. शाळेसाठी बापाशी झगडणाऱ्या पोराची गोष्ट. आम्हाला मिळालेली प्रत लायब्ररीचीच, मागं तारखांची चिठ्ठी चिकटवलेली, शिक्के एकमेकांवर चढलेले, आणि एका पानावर समासात पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलेलं, 'बापाने असे करायला नको होते.' आणि त्याच्या खाली दुसऱ्या अक्षरात, निळ्या बॉलपेननं, 'तू शेत करून बघ.'

आमची पहिली बैठक सगळी ह्या दोन ओळींवरच गेली. मिस्त्री डायरेक्ट बॉलपेनवाल्याच्या बाजूनं. म्हणाला, "बाप काय व्हिलन न्हाई मास्तर, तेला बी पोट हाय, एक गडी कमी झाला की मळा कोण बघणार?" मिस्त्रीनं स्वतः दहावीनंतर शाळा सोडलेली, त्यामुळं त्याला कोण काय बोलणार. मास्तरांनी मग शाहू महाराजांना आणलं मधी. महाराज कागलच्या घाटग्यांच्या घरातनंच कोल्हापूरला दत्तक आलेले, १९१७ ला त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि आनंद यादवांचा जन्म १९३५ चा, त्याच कागलातला. म्हणजे कायदा होऊन एवढी वर्षं झाली आणि महाराजांच्या मूळ गावातलंच पोरगं शाळेसाठी मार खातंय, ह्याचं काय करायचं? मास्तरांचं म्हणणं की कायद्यानं पोरगं पाटीवर अक्षर गिरवायला बसतं, पण हायस्कूलचं वय आणि बैल हाकायचं वय एकच असतंय, तिथं कायदा पोचत नाही.

वहिनी इतका वेळ शेंगा सोलत होती. म्हणाली, "मला सातवीतनं काढली तवा मी बी झोंबलेच की. पर पोरीचं कोण लिवतंय?"

ह्यावर कुणाकडं काही नव्हतं. मास्तरांकडं सुद्धा.

माझं मत विचाराल तर ह्या नियमाचा फायदा हाच झाला. लांबच्या देशातलं पुस्तक असलं की आपण मान डोलवतो, भारी आहे म्हणतो आणि ठेवून देतो. कागल म्हटलं की मान डोलवून सुटता येत नाही, तिथला बाजार माहीत असतो, तिथली माणसं माहीत असतात, आपल्याच घरातलं कुणीतरी त्या पुस्तकात बसलेलं असतं, मग माणूस लेखकाशी भांडतो आणि नंतर घरी जाऊन स्वतःशी.

(विद्यापीठ, मुख्य इमारत. मग संग्रहालयाचं दार.)

खांडेकरांच्या वेळी वेगळाच राडा. जन्म सांगलीचा, मास्तरकी शिरोड्याला, मग जिल्ह्यातले कसे? शेवटी ठरलं की शिरोडं सोडून कोल्हापुरात आले ते इथलेच झाले, शिवाजी विद्यापीठात त्यांचं संग्रहालय आहे, आणखी काय पुरावा पाहिजे. 'ययाति' १९५९ ची, १९७४ चा ज्ञानपीठ, मराठीला मिळालेला पहिला. खरं सांगायचं तर मिस्त्रीनं अर्ध्यात सोडली, "राजवाड्यातल्या माणसांची दुखणी, आपल्याला झेपंना." मला ती भाषा जड गेली पण शर्मिष्ठेनं धरून ठेवलं. 'मृत्युंजय' आम्ही सगळ्यांनी कॉलेजच्या वयातच वाचलेली, त्यामुळं त्याच्यावर फार वेळ घातला नाही, फक्त शिवाजी सावंत आजऱ्याचे आणि कोल्हापुरात शाळेत शिकवत होते तेव्हा ही लिहिली, हे ऐकल्यावर मास्तर जरा गप्प झाले. त्यांची पण एक वही आहे म्हणे कपाटात. दाखवत नाहीत.

(गंगावेस, रात्र. म्हशी, चरव्या, ग्लास.)

वर्षातली सगळ्यात भारी बैठक झाली ती दूध कट्ट्यावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोल्हापुरात संध्याकाळनंतर गवळी म्हशी रस्त्याकडेला आणून बांधतात, समोर धार काढतात आणि तेच धारोष्ण दूध फेसासकट ग्लासात. त्या वेळी आम्ही कृष्णात खोतांचं 'रिंगाण' वाचत होतो, २०२३ चा साहित्य अकादमी मिळालेलं. धरणामुळं उठलेलं गाव, मागं जंगलात राहिलेली म्हैस आणि तिला परत आणायला जाणारा माणूस. ती म्हैस आता माणसाला जुमानत नाही, रानटी झालेली, तिच्यात आणि त्याच्यात जी जुंपते ती वाचताना मला घाम फुटलेला.

मिस्त्रीनं सरळ गवळ्यालाच विचारलं, "मामा, सोडून दिलेली म्हस परत वळखती का वो?"

गवळीमामा धार न थांबवता बोलले, "वळखती की. पर तुला सोडल्याचं बी ध्यानात ठेवती."

आता हे बोलणारा माणूस कोण, तर दिवाळी पाडव्याला आपल्या म्हशी नटवून, शिंगं रंगवून, मोटरसायकलच्या मागं पळवणाऱ्यातला. कोल्हापूरच्या बाहेरच्यांना खोटं वाटतं पण पुढं सायलेन्सर काढलेली गाडी फाडफाड वाजत जाते आणि मागनं म्हैस धावत येते, दावं नाही की काही नाही, मालकाच्या नुसत्या हाकेवर. त्या नात्यातला माणूस सांगतोय की म्हैस लक्षात ठेवते. मी पुस्तक पिशवीतनं काढून त्यांना त्यातलं एक पान वाचून दाखवलं, तिथंच, लाईटच्या उजेडात. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, लिवणाऱ्यानं म्हस बघितलीया. गवळ्याकडनं एवढं सर्टिफिकेट म्हणजे इषय हार्ड आहे.

पण वहिनी परत वेगळ्याच ठिकाणी. तिचं माहेर राधानगरीकडलं. धरण झालं म्हणून आपल्या उसाला पाणी, आणि धरण झालं म्हणून कुणाचं तरी गाव गेलं, दोन्ही एकाच नळातनं येतंय, एवढं बोलली आणि ग्लास ठेवला. त्या दिवशी गाडीवरनं घरी जाताना कुणीच टिंगल केली नाही, नाहीतर मिस्त्री रंकाळ्यापर्यंत गप्प बसत नाही.

किरण गुरवांचं 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' पावसाळ्यात वाचलं. खेड्यातनं शहरात शिकायला आलेलं पोरगं, कपड्यापासनं बोलण्यापर्यंत सगळीकडं बुजलेलं. मास्तरांनी ते आपल्या भाच्याला दिलं, जो आता कॉट बेसिसवर राहून डिप्लोमा करतोय, आणि ते पुस्तक अजून परत आलेलं नाही. लायब्ररीचा दंड मास्तरच भरतायत, गुमान.

(उद्यमनगर. गॅरेजमधली बैठक, मागं पान्यांचा आवाज.)

आता नवीन वर्षाचं भांडण सुरू झालंय. मिस्त्रीला महादेव मोरे वाचायचेत. ड्रायव्हर, मेकॅनिक, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका, हे सगळं लिहिणारा आणि स्वतः पिठाची गिरणी चालवणारा लेखक होता तो, मग मिस्त्री सोडतोय होय. अडचण एवढीच की गाव निपाणी, म्हणजे जिल्हा बेळगाव, राज्य कर्नाटक. मास्तर म्हणतात नियम म्हणजे नियम. मिस्त्री म्हणतो, "निपाणीची चार गिऱ्हाइकं हैत माझी, बिल मराठीतच फाडतो की, मग पुस्तकालाच कुठली बॉर्डर आली?" मास्तरांनी वहिनीकडं बघितलं, तर तिनं पिशवीतनं मोऱ्यांचं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. अर्धं वाचून झालेलं होतं तिचं.